नाताळात स्वित्झर्लंड, मुलांच्या वेगाने

मे महिन्यात स्वित्झर्लंडला जाऊन आलेल्या कुठल्याही मराठी कुटुंबाकडे एक ठरलेला आराखडा तयार असतो. झुरिक, ल्युसर्न, टिट्लिस, इंटरलाकेन, युंगफ्राउयोख, जमलं तर जिनिव्हा. सगळं सहा-सात दिवसांत. तेव्हा ते निभावतं, कारण मे-जूनमध्ये तिथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो. हाच आराखडा नाताळच्या सुट्टीत, लहान मुलांना घेऊन राबवायला गेलं की पहिल्या दोन दिवसांतच घरात कुरबुर सुरू होते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात झुरिकला सूर्य सकाळी आठनंतर उगवतो आणि संध्याकाळी पावणेपाचच्या आत मावळतो. जेमतेम साडेआठ तासांचा दिवस. त्यात मुलांना कपड्यांचे थर चढवायचे, शूची घाई लागली की ते उतरवायचे, भुकेची वेळ सांभाळायची आणि गाडीही पकडायची.

म्हणून हिवाळी सहलीची आखणी नकाशावरून करू नका. ती उजेड, थंडी आणि भूक या तीन गोष्टींवरून करा. मोठी माणसं बर्फ बघायला जातात. मुलांना त्यात लोळायचं असतं. एकाच उतारावरून वीस वेळा घसरण्यात त्यांना जी मजा येते, ती वीस ठिकाणं दाखवून येत नाही. एवढं मान्य केलं की सहल सोपी होते आणि थोडी स्वस्तही.

कोणती सुट्टी, कोणतं गाव

आधी सुट्टी. दिवाळीच्या सुट्टीत बर्फ मिळेल या आशेने जाऊ नका. नोव्हेंबर हा तिथला मधला काळ. उन्हाळा संपलेला, बर्फाचा हंगाम सुरू व्हायचा असतो आणि बरेच रोपवे वार्षिक देखभालीसाठी बंद असतात. नाताळ ते नववर्ष या आठवड्यात बर्फाची शक्यता चांगली, पण गर्दी आणि दर दोन्ही शिगेला पोहोचलेले. शाळेची परवानगी मिळत असेल तर जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा सगळ्यात निवांत. मूल अजून शाळेत जात नसेल, तर नाताळाच्या गर्दीत शिरण्याचं काही कारणच नाही.

आता गाव. इथे बहुतेकांची फसगत होते. इंटरलाकेन, ल्युसर्न, झुरिक ही गावं खालच्या उंचीवर आहेत. इंटरलाकेन समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर, म्हणजे महाबळेश्वरच्या निम्म्याहून कमी उंचीवर. नाताळात तिथे बर्फाऐवजी पाऊस पडत असतो, असं पुष्कळदा घडतं. मुलांना खिडकीतून बर्फ दिसावा आणि दार उघडून त्यात पळता यावं, असं वाटत असेल तर मुक्काम वर करा. ग्रिंडेलवाल्ड १,०३४ मीटरवर, वेंगेन सुमारे १,२७५ मीटरवर, तर म्युरेन १,६३८ मीटरवर, जवळजवळ कळसूबाईच्या शिखराइतकं.

लहान मुलांसाठी मी वेंगेन सुचवेन. लाउटरब्रुनेनहून दातेरी रुळांवरून चढणाऱ्या छोट्या गाडीने पंधरा मिनिटांत तिथे पोहोचता येतं आणि गावात मोटारींना बंदी आहे. रस्त्यात मुलाचा हात सुटला तरी छातीत धस्स होत नाही. नवशिक्यांसाठीचा उतार गावाच्या मधोमध आहे, त्यामुळे मूल कंटाळलं की पाच-दहा मिनिटांत खोलीवर परतता येतं. गाव डोंगराच्या पायरीवर वसलेलं असल्याने तिथे ऊनही येतं. खाली लाउटरब्रुनेनच्या अरुंद दरीत हिवाळ्यात ते फार थोडा वेळ टिकतं. म्युरेनमध्येही मोटारी नाहीत. ग्रिंडेलवाल्ड मोठं, दुकानं आणि खाणावळी जास्त, पण रहदारीही आहे.

एक मुक्काम वर आणि शेवटचे दोन दिवस शहरात, यापेक्षा जास्त वेळा बॅगा भरू नका. सुट्टीच्या आठवड्यात पुष्कळ अपार्टमेंट शनिवार ते शनिवार अशीच भाड्याने देतात, त्यामुळे विमानाचं तिकीट काढण्याआधी राहण्याचे वार बघून घ्या.

कागदपत्रं: दसऱ्याआधी उरका

शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. नियमानुसार निर्णयाला पंधरा दिवस लागतात, पण दिवाळी-नाताळाच्या मोसमात अपॉइंटमेंट मिळणंच मुश्किल होतं. सप्टेंबरमध्ये अर्ज गेलेला बरा. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, सहा वर्षं पूर्ण झालेल्या पण बारा वर्षांखालील मुलांसाठी ४५ युरो, आणि सहा वर्षांखालील मुलांना शुल्क नाही. अर्ज केंद्राचा सेवाखर्च वेगळा.

मुलांच्या बाबतीत दोन गोष्टी हमखास निसटतात. पहिली पासपोर्टची मुदत. आपला पासपोर्ट दहा वर्षांचा असतो, मुलांचा सहसा पाचच वर्षांचा. आई-वडिलांचे पासपोर्ट निर्धास्त ठेवणीत असतात आणि मुलाचा मात्र संपत आलेला असतो. परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने मुदत शिल्लक हवी. दुसरी गोष्ट संमतीपत्राची. आई किंवा वडील यांपैकी एकच जण मुलाला घेऊन जाणार असेल, किंवा मूल आजी-आजोबांबरोबर जाणार असेल, तर बरोबर नसलेल्या पालकाचं संमतीपत्र आणि जन्मदाखला तयार ठेवा. शाळेच्या तारखांमध्ये प्रवास असेल तर शाळेचं रजेचं पत्रही लागतं.

व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा बंधनकारक आहे. तो घेताना शेवटच्या पानावरचे बारीक अक्षरांतले अपवाद वाचा. अनेक साध्या पॉलिसी स्कीइंगसारखे हिवाळी खेळ वगळतात. डोंगरावरून हेलिकॉप्टरने खाली आणायची वेळ आली तर तो खर्च आपल्या आवाक्यातला नसतो. थोडे पैसे जास्त भरून हिवाळी खेळांचं संरक्षण घ्या.

रेल्वेसाठी स्विस ट्रॅव्हल पास कुटुंबांना परवडतो, त्याचं मुख्य कारण मुलंच. सहा वर्षांखालील मुलं मोफत असतात. सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांना, पास असलेल्या आई किंवा वडिलांबरोबर, फॅमिली कार्डवर फुकट प्रवास करता येतो. हे कार्ड मोफत असतं, पण पास घेतानाच मागून घ्यावं लागतं. वेंगेन, ग्रिंडेलवाल्ड आणि म्युरेनपर्यंत पास चालतो. त्यावरच्या डोंगरी गाड्यांना फक्त सवलत मिळते. एका जागी राहून बर्फात खेळायचे दिवस पासात वाया घालवू नका. हिंडण्याचे दिवस एकापाठोपाठ एक आणून तेवढ्याच दिवसांचा पास घ्या.

अंगावर काय, बॅगेत काय

थंडीच्या कपड्यांबाबत आपल्याकडे एकच कल्पना असते: जाड स्वेटर, त्यावर आणखी जाड स्वेटर. बर्फात हे चालत नाही. मूल खेळतं, घामेजतं, घाम सुती बनियनमध्ये मुरतो आणि खेळ थांबला की तोच ओला कपडा अंग गार करतो. म्हणून अंगालगत थर्मल हवेत, लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे, सुती नकोत. त्यावर फ्लीसचा किंवा लोकरीचा एक थर. सगळ्यात बाहेर पाणी आणि वारा अडवणारं जाकीट आणि तशीच पँट. बर्फात बसल्यावर भिजणार नाही अशी पँट ही सगळ्यात जास्त विसरली जाणारी आणि सगळ्यात जास्त लागणारी वस्तू.

हातमोजे पाच बोटांचे नकोत. सगळी बोटं एकत्र राहणारे, फक्त अंगठा वेगळा असलेले मोजे जास्त उबदार असतात आणि लहान मुलाला घालायलाही सोपे. प्रत्येकी दोन जोड घ्या. एक ओला होणारच. पायात एकच जाड लोकरी मोजा घालावा. दोन मोजे कोंबले की बूट घट्ट होतो, रक्त नीट खेळत नाही आणि पाय उलट गार पडतात. बूट पाणी न शिरणारे आणि अर्ध्या बोटाने सैल असावेत. मफलरपेक्षा गळ्यात घालायची लोकरी नळी चांगली, कारण स्लेजवर मफलरचं टोक अडकू शकतं.

सगळं विकत घ्यायचं कारण नाही. थर्मल, मोजे, टोपी इथून न्या. बर्फातले बूट आणि पँट वर्षभरात मुलाला लहान होणार; ओळखीत कुणी नुकतंच जाऊन आलं असेल तर सरळ मागा. ग्रिंडेलवाल्ड-वेंगेनच्या खेळसाहित्याच्या दुकानांत स्की, हेल्मेट, स्लेज भाड्याने मिळतात.

मूल पाठुंगळीच्या कॅरिअरमध्ये असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. चढण चढून तुम्हाला घाम फुटलेला असतो, पण मूल अजिबात हलत नसतं. तुमच्या अंगावरून त्याच्या थंडीचा अंदाज बांधू नका. दर वीस-पंचवीस मिनिटांनी मानेच्या मागे बोट घालून बघा: उबदार आणि कोरडं असेल तर ठीक, गार लागलं तर आत चला, ओलसर लागलं तर एक थर काढा. बाबागाडी बर्फात रुतते. लहानग्यासाठी पाठीला टेकू असलेली स्लेज भाड्याने घेतली की गावातली ने-आण तिच्यावरच होते.

मोटारीने जाणार असाल तर तिथल्या कायद्यानुसार बारा वर्षांखालील, दीडशे सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना योग्य आसन लागतं. आसनात बसवताना फुगीर जाकीट काढा. त्याच्यामुळे पट्टा वरवर घट्ट वाटतो, पण धक्का बसला तर जाकीट दबून पट्टा सैल पडतो.

आजी-आजोबा बरोबर असतील तर बुटांच्या तळाला अडकवायचे रबरी काटे घ्या. ताज्या बर्फापेक्षा रात्रीतून गोठलेला, काचेसारखा रस्ता त्यांच्यासाठी जास्त धोक्याचा असतो.

दिवस कसा जातो

हिवाळ्यात स्वित्झर्लंड आपल्या साडेचार तास मागे असतं. पहिले दोन दिवस मुलं संध्याकाळी सहालाच पेंगतात आणि पहाटे तीन-चारला टक्क जागी होतात. त्याच्याशी भांडू नका. उशाशी खाऊ, रंग, एखादं गोष्टीचं पुस्तक ठेवा. संध्याकाळचं जेवण साडेपाचला उरका. या पहाटेच्या जागरणाचा एक फायदाही आहे: आठ-सव्वाआठला उजाडतं तेव्हा तुमची सगळी मंडळी खाऊन-पिऊन तयार असते आणि उतार रिकामा असतो.

दहा ते एक हा खेळाचा मुख्य वेळ. दुपारी एकला आत येऊन गरम जेवण. त्यानंतर मूल लहान असेल तर झोप, मोठं असेल तर आणखी एक फेरी. चारपर्यंत परत. डोंगरात सूर्य कड्याआड गेला की अंधार पडायच्या आधीच गारठा वाढतो, आणि शेवटच्या रोपवेची वेळही हिवाळ्यात लवकरची असते. ती वर जातानाच पाटीवर वाचून फोनमध्ये टिपून ठेवा. हा फोन आतल्या खिशात ठेवा. कडाक्याच्या थंडीत बॅटरी बघता बघता उतरते आणि तिकिटं तर त्यातच असतात.

बाहेर पडण्याआधी सगळ्यांनी शूला जाऊन यायचं, हा नियम कुणालाही सूट न देता पाळा. थंडीत मुलं पाणी मागत नाहीत, म्हणून थर्मासमध्ये कोमट पाणी न्या आणि खेळ थांबला की दोन घोट प्यायला लावा.

बर्फातले खेळ: आधी स्लेज, मग स्की

स्कीइंग शिकायचं म्हणजे जड बूट, भाड्याचं साहित्य, शिक्षकाची फी आणि पहिले दोन दिवस पडापडी. साधारण चार वर्षांपासूनच्या मुलांसाठी तिथल्या शाळा वर्ग घेतात. पण मुलाला त्यात रस आहे का, हे आधी बघा. अर्ध्या दिवसाचा वर्ग घ्या आणि मगच आठवड्याचे पैसे भरा. मुलं थोड्याच वेळात सरकू लागतात. मोठ्यांना जास्त त्रास होतो. ग्रिंडेलवाल्डचा बोडमी उतार किंवा वेंगेनचा गावातला उतार यासाठी योग्य. तिथे सरकत्या पट्ट्यावर उभं राहून वर जाता येतं.

स्लेजला शिकवणीची गरज नाही, म्हणून कुटुंबाला तीच जास्त रुचते. लाकडी स्लेजचा इतिहासही मुलांना सांगण्यासारखा आहे: १८८३ साली दावोस ते क्लोस्टर्स अशी आंतरराष्ट्रीय शर्यत झाली आणि दावोसच्या धर्तीची लाकडी स्लेज पुढे देशभर गाजली. मात्र तिला ब्रेक नसतो. ताठ बसायचं, पाय पुढे, थांबायचं तर दोन्ही टाचा बर्फात दाबायच्या. वळायचं त्या बाजूची टाच दाबायची. डोकं पुढे करून पालथं पडून जाऊ नये. हेल्मेट सगळ्यांना, आई-बाबांनाही. फक्त स्लेजसाठी राखलेल्या वाटेवरूनच जावं; स्कीच्या उतारावर स्लेज नेली तर मागून येणारा माणूस थांबू शकत नाही.

ग्रिंडेलवाल्डजवळ फाउलहॉर्नवरून निघणारी सुमारे पंधरा किलोमीटरची प्रसिद्ध स्लेजवाट आहे, पण तिच्या सुरुवातीपर्यंत बर्फातून अडीच तास चालावं लागतं. ती किशोरवयीन मुलांसाठी ठेवा. पहिल्यांदाच स्लेजवर बसणाऱ्यांनी रिगी बघावी. ल्युसर्नजवळचा हा डोंगर १,७९८ मीटर उंच. व्हिट्झनाउहून वर जाणारी १८७१ सालची गाडी ही युरोपातली पहिली दातेरी डोंगरी रेल्वे, आणि स्विस ट्रॅव्हल पासवर ती पूर्ण मोफत आहे. वरून क्लोस्टरलीपर्यंत स्लेजची वाट उतरते. खाली पोहोचलात की गाडीने पुन्हा वर.

उंचावर जाताना

युंगफ्राउयोखचं स्टेशन ३,४५४ मीटरवर आहे, कळसूबाईच्या दुपटीहून उंच. १९१२ साली आयगर डोंगराच्या पोटातून बोगदा खणून ही रेल्वे पूर्ण झाली. ती गोष्ट शाळकरी मुलांना गाडीतच सांगा. पण तिथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रकाठाच्या साधारण दोन-तृतीयांशच. बाळ दोन वर्षांपेक्षा लहान असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा. सर्दीने कान-नाक बंद असलेल्या मुलाला त्या दिवशी नेऊ नका. उतरताना कान ठणकतात. डिसेंबर २०२० पासून ग्रिंडेलवाल्डहून आयगरग्लेचरपर्यंत पंधरा मिनिटांत नेणारी गोंडोला सुरू आहे. सोयीची खरी, पण लहान मुलं असतील तर वेंगेनहून क्लायने शायडेगमार्गे हळू चढणारी गाडी बरी; शरीराला जुळवून घ्यायला थोडा वेळ मिळतो. वर धावाधाव नको. डोकं दुखलं, मळमळलं, मूल एकदम गप्प झालं, तर लगेच खालच्या गाडीत बसा. वरचा बर्फखेळांचा पार्क उन्हाळी हंगामात चालतो. त्याची आशा दाखवून मुलांना नेऊ नका. बर्फाचा महाल मात्र आहे.

तिकीट महाग असतं, म्हणून ते काढण्याआधी वरच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र बघा. हिवाळ्यात स्वित्झर्लंडच्या सखल भागावर दिवसचे दिवस धुकं साचून राहतं आणि त्याच वेळी डोंगरावर लख्ख ऊन असतं. खाली करडं आभाळ बघून बेत रद्द करू नका. वर निळं असू शकतं. उलट खाली ऊन असूनही वर वादळी वारा असेल तर रोपवे बंदही राहतात.

ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परतवतो. ऊन वरून आणि खालूनही लागतं. सनस्क्रीन नाकपुडीखाली आणि हनुवटीखालीही लावा. गॉगल मुलांनाही हवाच.

पोटोबा

अपार्टमेंटमध्ये स्वयंपाकघर असेल तर अर्धी लढाई जिंकलीच. तांदूळ, दही, बटाटे, अंडी, भाज्या तिथल्या कोप आणि मिग्रोस या सुपरमार्केटांमध्ये सहज मिळतात. इथून मेतकूट, भाजणी, पोहे, गोडा मसाला, कोरड्या चटण्या न्या. पण तूप, खवा, पेढे, पनीर बॅगेत भरू नका. युरोपबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. कढीपत्त्याच्या ताज्या डहाळीचं आणि बहुतेक ताज्या फळांचंही तेच. हॉटेलच्या खोलीत शेगडी लावायची नसते, आणि अपार्टमेंटमध्येही खमंग फोडणी देताना पंखा लावा, नाहीतर धुराची घंटा वाजेल.

बाहेर खाताना एक सावधगिरी बाळगा. चीज फोंड्यू शाकाहारी दिसतं, पण त्यात बहुधा पांढरी वाइन असते, शिवाय चेरीचं मद्यही घालतात. मुलांसाठी आधी विचारा. त्याऐवजी किसलेल्या बटाट्याची रोश्टी, उकडलेल्या बटाट्यांवर वितळलेलं राक्लेट चीज, किंवा मॅकरोनी-बटाटा-चीजचं आल्प्लरमाग्रोनेन मागवा. हे शेवटचं सफरचंदाच्या गोड मुरांब्याबरोबर देतात आणि मुलं ते मिटक्या मारत खातात. रोश्टी आणि माग्रोनेनमध्ये डुकराच्या मांसाचे तुकडे घालतात. नको असतील तर आधीच सांगा. नाताळबाजारात ग्लूवाइन या गरम वाइनशेजारी मुलांसाठी बिनमद्याचं गरम पंचही मिळतं. नळाचं पाणी निर्धास्त प्या. बाटल्या विकत घेण्यात पैसे जातात.

बंद दुकानं आणि उघडी दारं

रविवारी दुकानं बंद असतात. २४ डिसेंबरला ती दुपारनंतर लवकर बंद होतात. २५ आणि २६ डिसेंबर, १ जानेवारी आणि पुष्कळ भागांत २ जानेवारीही सुट्टी. म्हणजे २४ तारखेला दुपारपर्यंत दूध-पाव-औषध भरलेलं हवं. अडलंच तर मोठ्या स्टेशनांतली दुकानं उघडी असतात. नाताळबाजार बघायचेत म्हणून २६ तारखेला पोहोचलात तर पदरी निराशा. बहुतेक बाजार २३-२४ तारखेलाच आवरतात. त्या हौसेसाठी २० तारखेपर्यंत पोहोचायला हवं. २ जानेवारीला इंटरलाकेनजवळ असाल तर हार्डर-पोचेटे ही लाकडी मुखवट्यांची मिरवणूक चुकवू नका. मात्र लहान मुलं मुखवट्यांना घाबरू शकतात, तेव्हा जरा लांबून बघा.

पावसाच्या दिवसासाठी ल्युसर्नचं वाहतूक संग्रहालय हाताशी असू द्या. ते वर्षभर रोज उघडं असतं, आणि आगगाड्या-विमानांत मुलांचा अख्खा दिवस निघतो. बर्नची अस्वलं हिवाळ्यात झोपलेली असतात; त्यांच्यासाठी मुद्दाम जाऊ नका. त्यापेक्षा तिथल्या निसर्गविज्ञान संग्रहालयात बॅरी या सेंट बर्नार्ड कुत्र्याचा पेंढा भरलेला देह आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्फात अडकलेल्या चाळीसहून अधिक माणसांचे प्राण त्याने वाचवले, असं सांगतात. शहरांमधल्या लांबच्या प्रवासाला दुमजली गाडीतला मुलांचा डबा शोधा. वरच्या मजल्यावर चक्क घसरगुंडी असते.

रात्री दहानंतर इमारतीत शांतता पाळायची असते. पहाटे चारला उठलेल्या मुलांना हे आधीच समजावून सांगा.

तब्येत

मुलाच्या गालावर किंवा बोटाच्या टोकावर पांढुरका, बधिर डाग दिसला तर लगेच आत न्या आणि आपल्या कोरड्या, उबदार हाताने किंवा काखेत धरून ऊब द्या. चोळू नका, बर्फ लावू नका, हीटरवर धरू नका. कुडकुडणं थांबून मूल सुस्तावलं, बोलणं अडखळू लागलं, तर ती गंभीर खूण आहे. १४४ वर रुग्णवाहिका बोलवा. डोंगरावरून हवाई मदतीसाठी १४१४, आणि सर्वसाधारण आणीबाणीला ११२.

घरातल्या हीटरमुळे हवा कोरडी पडते. नाक सुकतं, ओठ फुटतात. झोपताना खोलीत ओला टॉवेल टांगा. खोबरेल तेल चोवीस अंशांखाली थिजतं, म्हणून व्हॅसलीन न्या. तापाचं, उलटीचं, सर्दीचं औषध आणि नेहमीच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवा.

नऊ दिवसांचा एक आराखडा

पहिला दिवस: मुंबईहून झुरिक, तिथून रेल्वेने थेट वेंगेन. दुसरा: काही नाही, गावातला उतार, बर्फाचा माणूस, लवकर झोप. तिसरा: अर्ध्या दिवसाचा स्कीवर्ग किंवा भाड्याची स्लेज. चौथा: आभाळ उघडं असेल तर युंगफ्राउयोख, नसेल तर म्युरेन. पाचवा: मोकळा. सहावा: पुन्हा उतार, पुन्हा स्लेज. सातवा: वाटेत इंटरलाकेन बघून ब्र्युनिग घाटाच्या गाडीने ल्युसर्न, साधारण दोन तास. आठवा: रिगी किंवा वाहतूक संग्रहालय, दोन्ही नव्हे. नववा: झुरिकहून परत.

पाचवा दिवस सगळ्यांच्या डोळ्यांत खुपेल. एवढे पैसे खर्चून एक दिवस रिकामा? पण हवामान बिघडलं, कुणाला ताप आला किंवा चौथ्या दिवशी रोपवे बंद निघाला, तर तोच दिवस सहल सावरतो. आणि सगळं सुरळीत गेलं, तर मुलं त्या दिवशी गावातल्याच उतारावर जाणार, हे ठरलेलंच. ट्रॅव्हल एजंटाने किंवा मेमध्ये जाऊन आलेल्या मेव्हण्याने तो भरायला सांगितला, तरी भरू नका.